बटण दाबून ऐका

पाऊस असा, की छत्री उघडावी तर उलटी होते आणि मिटावी तर आपण भिजतो. अशा दिवशी शहाणी माणसं घरात बसून चहा पितात. आम्ही चौघी मात्र म्युझियम बघायला निघालो होतो.

चौघी म्हणजे मी, माझी आई, माझी धाकटी भावजय आणि तिची सहा वर्षांची पोर. पोरीचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ती एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतो. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. मी गाडी शिकवते. दिवसभर लोकांवर ओरडायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर मी तेच फुकट करते, असं माझा भाऊ म्हणायचा. गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी मोठी पाटी आहे. एक बरं असतं, पाटी बघून मागचे लोक चार हात लांब राहतात. शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्याचा ब्रेक आहे, आणि तिथं भावजय बसली होती. समोर ट्रक दिसला की ती तो दाबायची.

“अगं बाई, पाय वर घे! मी चालवतेय ना?”

“चुकून गेला, ताई.”

“तीनदा चुकून?”

मागून आई म्हणाली, “तिला कशाला बोलतेस? तू चालवतेस तशीच. मीसुद्धा इथे नसलेला ब्रेक दाबतेय.”

हसलो सगळ्या. त्या दिवशी सकाळी आम्ही हसत होतो, हे मला नीट आठवतं.

आता कशाला निघालो होतो ते सांगते. माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. दुपारी जेवला, हात धुवायला उठला, बेसिनपाशी खाली बसला आणि संपलं. आजार नाही, ताप नाही, कुणाला काही सांगायची सवड नाही. भिंगरी तेव्हा चार वर्षांची होती.

भाऊ बंदराच्या मनोऱ्यावर कामाला होता. वर काचेच्या खोलीत बसायचं आणि रेडिओवरून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना सांगायचं, तू थांब, तू ये, तू डावीकडे राहा. आठ-आठ तास नुसतं बोलणं. त्यामुळे घरी आला की तोंडाला कुलूप. आम्ही त्याला मौनीबाबा म्हणायचो. आणि फोटो, व्हिडिओ काढायचे झाले की फोन कायम ह्याच्या हातात. वाढदिवस म्हणू नका, सहली म्हणू नका, भिंगरीचं पहिलं पाऊल म्हणू नका, सगळं आहे आमच्याकडे, आणि त्यात सगळे बडबडतोय, हा सोडून. कॅमेऱ्यामागं उभा, चिडीचूप. मी एकदा म्हटलं, “अरे, तोंडातून एक शब्द तरी काढ.” तर म्हणाला, “ताई, मनोऱ्यावर माझा खोकलासुद्धा रेकॉर्ड होतो. घरी तरी सोडा मला.” फोनवर आवाजाचा मेसेज कधी पाठवला नाही. पानभर लिहिलं तर उत्तर यायचं, ‘हं’.

तो गेल्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं भिंगरीनं. गेल्या महिन्यात जेवताना तिनं विचारलं, “बाबांचा आवाज कसा होता?”

भावजय म्हणाली, “जाड होता. शांत.” आई म्हणाली, “गोड होता गं, लहानपणापासून गोड.” मी म्हटलं, “फुटक्या डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा.” तिघी एकदमच बोललो. पोरीनं तिघींच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे कुणालाच माहीत नाही.”

भावजय ताट घेऊन उठली ती आत गेली. रात्रभर तिनं सगळे व्हिडिओ एकेक करून ऐकले म्हणे. एका ठिकाणी कुणीतरी खाकरलं होतं. ते खाकरणं कुणाचं, यावर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी भांडलो.

मग लंबू घरी आला. लंबू म्हणजे भावाच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा, ताडासारखा उंच, दारातून वाकूनच आत येतो. त्याला मी विचारलं, मनोऱ्यावरची जुनी रेकॉर्डिंगं मिळतील का? तो म्हणाला, “नाही हो ताई, ती काही दिवसांनी आपोआप पुसली जातात. त्याची तर केव्हाच गेली.” मग एकदम थांबला. “पण म्युझियममध्ये आहे की! तुम्हाला माहीत नाही?”

झालं होतं असं. सात-आठ वर्षांमागं दाट धुकं पडलं होतं, हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती म्हणतात, आणि धान्याचं एक मोठं जहाज बंदराच्या तोंडाशी येऊन अडकलं होतं. भावानं त्याला नुसत्या बोलण्यावर आत आणलं. पुढे म्युझियमवाल्यांनी बंदराकडे एखादं रेकॉर्डिंग मागितलं, तर साहेबांनी हेच दिलं. म्युझियममध्ये मनोऱ्यासारखी एक खोली केलीय, तिथं बटण दाबलं की ते ऐकू येतं. “मी सुरुवातीला एकदा जाऊन ऐकून आलो,” लंबू म्हणाला. “हुबेहूब तो. आणि शेवटचं ते त्याचं नेहमीचं. आम्ही सगळे ‘समाप्त’ म्हणतो, नियमच आहे तसा. हा म्हणायचा, ‘घाई नको, मी आहे.’ साहेब ओरडायचे, पण जहाजवाल्यांना आवडायचं.”

आम्हाला ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. मौनीबाबा सांगणार थोडाच! भावजय लंबूसमोरच रडायला लागली. तो बिचारा चहा अर्धा टाकून पळाला.

म्हणून हा खटाटोप. पोरीला बापाचा आवाज ऐकवायचा, फोनवर उतरवून घ्यायचा आणि घरी आणायचा. भावजयीनं फोनमधली अर्धी गाणी आणि सगळे सिनेमे पुसून जागा केली होती. मी म्हटलं, “अगं, दोन-तीन मिनिटांचं असेल ते.” ती म्हणाली, “असू दे. कमी पडायला नको.”

पोचलो तेव्हा पावसानं शहराचा रंगच काढून घेतला होता. बंदराच्या रस्त्यावर गुडघाभर नाही तरी पोटरीभर पाणी. गाडी लांब लावावी लागली. म्युझियमं तीन निघाली, तिन्हींचं मिळून एकच तिकीट, आणि लंबूनं सांगताना नुसतं ‘बंदरातलं म्युझियम’ म्हटलं होतं. फोन लावला तर तो ड्यूटीवर, मनोऱ्यावर फोन नेऊ देत नाहीत. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, “बटणं तिन्हीकडे आहेत.” धन्य!

पहिल्या म्युझियममध्ये जहाजं होती. काचेच्या पेट्यांत छोटी छोटी, बाहेर दोरखंड, नांगर, साखळ्या. आईला आम्ही गाडीतच सांगितलं होतं की बटण दाबायचं असतं, तेव्हा ती दिसेल ते बटण दाबत सुटली. एकीकडे दिवे लागले, एकीकडे पंखा फिरला, एकीकडे छोट्या जहाजाचा भोंगा वाजला आणि भिंगरी टाळ्या पिटायला लागली. लिफ्टमध्ये शिरलो तर वरून आवाज आला, “दरवाजा बंद होत आहे.” आईनं माझा दंड धरला. “हाच का गं?”

“आई, ती बाई आहे!”

“मशीनमधून सगळे सारखेच वाटतात मला,” आई म्हणाली. मशीन म्हणजे तिच्या कानातलं, ऐकू यायचं. पावसात भिजून ते कुरकुरायला लागलं होतं. शेवटी तिनं ते काढलं, पुसलं, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, “तिथं पोचलो की घालीन.”

दुसऱ्यात नुसती चित्रं. वादळातली जहाजं, बुडणारी जहाजं, काठावर उभ्या असलेल्या बायका. आम्ही चार पावलं आत गेलो आणि मागं फिरलो. तिथल्या उपाहारगृहात चहा घेतला. आई भिंगरीचे मोजे पिळत होती. भावजय कपाला हात लावून नुसती बसली होती. ओल्या केसांनी तिचा चेहरा एवढासा झाला होता.

“ताई, मला भीती वाटतेय.”

“कसली?”

“ऐकलं आणि रडू आलं तर?”

“रडू की! रुमाल काय कमी आणलेत?”

ती हसली नाही. म्हणाली, “तसं नाही. मला तो रोज सकाळी ऐकू यायचा. उठल्याउठल्या. ‘पाणी तापलंय,’ एवढंच. आता कधी येतो, कधी येत नाही. आला तरी धड कळत नाही त्याचाच आहे की मी बनवलाय. आज ऐकलं ना, की मग पक्का होईल.”

मी तोंडाळ बाई आहे. पण माझंही तेच होत होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “चल, चहा गार होतोय.”

तिसरं म्युझियम धक्क्याच्या टोकाला, बंदराच्या जुन्या कचेरीत होतं. तिथंवर जाईपर्यंत आमच्या चपलांतून बेडकं ओरडावीत असे आवाज येत होते. आत शिरल्याबरोबर भिंतीवर बाण दिसला, ‘मनोरा’. भावजयीनं भिंगरीचा हात इतका घट्ट धरला की पोर ओरडली.

खोली चांगली केली होती, खोटं कशाला बोलू. भिंतभर काच, काचेमागं बंदराचं मोठं चित्र, त्यावर हळूहळू धुकं चढवत जाणारे दिवे. समोर लांब टेबल, खुर्ची, नकाशा, माइक. खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी जुना कोट टाकला होता, उगाच, शोभेला. टेबलावर लाल बटण आणि पाटी, ‘बटण दाबून ऐका’. शेजारी जाळीची पेटी, आवाज यायची.

“मी दाबणार,” भिंगरी म्हणाली.

“थांब.” भावजयीनं फोन काढला, पदरानं पुसला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पेटीसमोर धरला. मी खालून तिचं मनगट धरलं. “हं, दाब.”

आधी खरखर झाली. मग भोंगा, लांबून. मग आवाज आला.

“मनोरा बोलतोय. तुमचा भोंगा ऐकू येतोय. वेग कमी करा. डावीकडे राहा.”

भारदस्त आवाज होता, स्वच्छ. शब्दाशब्दाला ठसठशीत. मला वाटलं ही प्रस्तावना असेल, आधी कुणीतरी समजावून सांगतंय, मग भाऊ येईल. मी वाट बघत राहिले. मध्ये जहाजाचा कप्तान काहीतरी विचारत होता आणि हाच आवाज उत्तरं देत होता. “दिसत नसू दे. मला सांगा काय ऐकू येतंय.” पुन्हा कप्तान, पुन्हा हाच. आणि शेवटी, मागं हळूच वाद्य वाजायला लागलं आणि तो आवाज खर्जात उतरून म्हणाला, “घाई नको… मी आहे.”

दिवे लागले. चित्रातलं धुकं गेलं. जहाज धक्क्याला लागलं होतं.

हा माझा भाऊ नव्हता. मी भावजयीकडे बघितलं. ती फोन तसाच धरून उभी होती, तोंड अर्धवट उघडं, आणि मान अगदी बारीक हलवत होती, नाही, नाही.

“बाबा!” भिंगरी ओरडली. “आई, बाबा बोलले! आजी, ऐकलंस? बाबा म्हणाले, मी आहे!”

आईनं गडबडीत कानात मशीन घातलंच नव्हतं. तिनं आपला तळवा पेटीच्या जाळीवर ठेवला होता, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “हाताला लागतोय गं,” ती मोठ्यानं म्हणाली, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. “माझा बाळ्या बोलतोय. हाताला लागतोय.”

“परत!” भिंगरी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

मी बाहेर आले. दाराशी देखरेखीची बाई स्टुलावर बसली होती. मी तिला म्हटलं, “आत चुकीचं लागलंय. तो आवाज त्या माणसाचा नाहीये.”

“कुठल्या माणसाचा?”

“जो खरा बोलला होता! मनोऱ्यावरचा! तो माझा भाऊ होता.”

ती उभी राहिली. चांगली होती बाई, चेहराच पडला तिचा. “अहो, ते नवीन केलंय. मागच्या वर्षी. दिवे, आवाज, सगळंच. आधीचं फार खरखरायचं, लोक तक्रार करायचे, काही कळत नाही म्हणून. मग एका नाटकातल्या नटाकडून म्हणवून घेतलं. वाक्यं तीच आहेत हो. एक शब्द बदलला नाही.”

“आणि जुनं?”

“ते वर विचारावं लागेल.”

तिनं फोन केला. वरून एक तरुण मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, फार गोड बोलणारी. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मला बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाली की ज्यांनी नवीन काम केलं ते लोक जुनं यंत्र काढून घेऊन गेले, ते भंगारातच गेलं असणार. प्रत काढून ठेवायला हवी होती, पण ठेवली गेली नाही. “मूळ आवाजाचा दर्जा फार खराब होता ना,” ती म्हणाली.

“खराब?” माझा तोल गेला. “अगं, तो आवाज होता तसाच होता! माणसाचा गळाच तसा होता! त्या फाटक्या गळ्यानं त्यानं जहाज आणलं आत, तुमच्या त्या गोड गळ्याच्या नटानं नाही! दर्जा म्हणे! तुम्हाला तो खरखरीत वाटला म्हणून फेकून दिलात? बंदराला विचारलंत? घरच्यांना विचारलंत?”

लोक बघायला लागले. त्या ओळखपत्रवाल्या मुलीचे डोळे भरून आले. तिची काय चूक, ती मागच्या वर्षी तिथं नव्हतीसुद्धा, हे तिनं सांगितलंच. “माझी खूप इच्छा आहे काहीतरी करायची,” ती म्हणाली, “पण नाहीच आहे तर मी कुठून आणू?” मग आत गेली आणि भिंगरीसाठी कागदाची कप्तानाची टोपी घेऊन आली. मी ती घेतली. काय करणार? टोपी घेतली आणि तिला ‘थँक्यू’ म्हटलं. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं, आणि तिथं कुणीच नव्हतं.

परत खोलीत गेले तर भावजय बाकावर बसली होती. फोन मांडीवर पालथा. समोर भिंगरी त्या खुर्चीवर चढून माइकसमोर बसली होती आणि पेटीतल्या आवाजाबरोबर बोलत होती, खर्जात, हनुवटी छातीला लावून. “वेग कमी करा. डावीकडे राहा.” पाठच झालं होतं तिला. आई बाजूला उभी, जाळीवर हात ठेवून.

“काय म्हणाले?” भावजयीनं विचारलं.

मी मान हलवली. “नाहीये. फेकलं.”

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “आत्ताच सांगून टाकू पोरीला. हा बाबा नाही म्हणावं. उगाच भलत्याच माणसाला बाप समजून बसेल. पुढे कळलं की जास्त लागेल.”

“सांगा.”

“तू सांग. तू आई आहेस.”

“मी सांगते,” ती म्हणाली. “आणि मग ती विचारेल, मग बाबांचा कसा होता? तेव्हा काय सांगू? जाड? शांत?” तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “ताई, एक तास इथं बसून मी हेच ऐकतेय. सकाळचं ‘पाणी तापलंय’ आठवायला गेले तर तेही ह्याच्याच आवाजात यायला लागलंय. मी कान झाकून बसले तरी तोच.”

“असं काही नसतं. घरी गेलीस की येईल.”

“तुम्हाला येतोय?”

“न यायला काय झालं? पाठीला पाठ लावून आलेला भाऊ आहे माझा.”

“मग करून दाखवा. एक वाक्य. कुठलंही.”

मी तोंड उघडलं. मला त्याचा चेहरा दिसत होता, स्वच्छ, नाकावरच्या तिळासकट. ओठ हलताना दिसत होते. ‘ताई, घरी तरी सोडा मला.’ शब्द होते. पण त्या शब्दांना गळाच नव्हता. फुटका डबा, फुटका डबा, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले, आणि फुटक्या डब्याचा आवाज आठवला, भावाचा नाही.

मी तोंड मिटलं. भावजयीनं माझ्याकडे बघितलं नाही, एवढी दया केली तिनं.

आम्ही दोघींनी मिळून काहीच ठरवलं नाही. बंद करायची वेळ झाली तशी देखरेखीची बाई दाराशी येऊन उभी राहिली. भिंगरी कागदाची टोपी घालून पुढे पळाली. आई जाळीवरचा हात काढेना. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, “चल, आई!” तेव्हा तिनं पेटीवरून एकदा हात फिरवला, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना म्हणाली, “दर महिन्याला येऊ या. तिकीट काही फार नाही. येऊ या ना गं?”

“येऊ, आई,” भावजय म्हणाली आणि छत्री आईच्या डोक्यावर धरली. स्वतः पूर्ण भिजली.

काचेवरचं पाणी पुसलं जात नव्हतं, पुढचं दिसत नव्हतं, मी नाकासमोर बघून चालवत होते. आई मागं लगेच झोपली, तोंडावर समाधान घेऊन. दोन वर्षांत मी तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. भावजय शेजारी बसली होती. थोड्या वेळानं तिनं फोन काढला, त्या रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं, आणि पुसायचं की नाही ते तिला ठरवता येईना. शेवटी फोन तसाच पर्समध्ये ठेवून दिला.

मला वाटलं भिंगरीही झोपली. पण ती दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढून म्हणाली, “आत्या, बाबा मला हाक कशी मारायचे?”

“भिंगरी म्हणायचे.”

“तसं नाही. बाबांसारखी मार ना. त्यांच्या आवाजात.”

भावजयीनं मान माझ्याकडे वळवली. पहिल्यांदाच त्या सगळ्या वेळात तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं, की ताई, काढा कुठून तरी. तुम्ही त्याची मोठी बहीण आहात, काढा.

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. डोळे मिटले. लहानपणापासून शोधत आले. आईच्या मागं लपून मला चिडवणारा, परीक्षेत नापास झाल्यावर जिन्यात रडणारा, लग्नाच्या दिवशी घसा बसलेला. ‘ताई.’ ‘ताई.’ ‘ए ताई.’ सगळीकडे तो होता, आणि कुठेच काही ऐकू येत नव्हतं. पोर वाट बघत होती. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

मी हनुवटी खाली घेतली आणि हाक मारली, “भिंगरी.”

खर्जात आली. भारदस्त, स्वच्छ. ठसठशीत.

भावजयीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“हो! अस्सेच!” भिंगरीनं मागून माझ्या गळ्याला मिठी मारली. “हेच माझे बाबा! आत्या, परत.”

मी परत मारली.